ण कोणाचा

चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली आणि माणिकपूरच्या नाक्यावर गर्दी दिसली, तेव्हा रोझलीनला आधी वाटलं, कोणाची तरी सायकल एस.टी.खाली आली. पण अपघाताच्या गर्दीत बायका पदराचा बोळा तोंडात कोंबून उभ्या राहत नाहीत. इथे तर पाववाल्याची लुईझा कमरेवर हात ठेवून मागेपुढे डुलत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रोझलीन, ये गो ये!" लुईझा लांबूनच ओरडली. "तुम्ही रंगवलंय त्या दुकानात मला तोलून घेतील काय? काटा मोठा आनायला सांग हां!"

रोझलीनने भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक निसटता निसटता राहिलं.

भिंत सुरेख रंगवली होती, यात वाद नाही. फर्डिनंडकाकांचा हात होता तो. गुलाबी जमीन, त्यावर निळी अक्षरं, अक्षरांना पिवळी किनार. वर नाव, 'रूपाली साडी भांडार'. खाली रोझलीननेच रचलेली ओळ. तिने रचली होती ती अशी: 'प्रत्येक बाईचं मन ओळखणारं दुकान'. भिंतीवर मात्र होतं, 'प्रत्येक बाईचं मण ओळखणारं दुकान'. आणि मुख्य शब्द मोठा काढायचा ही काकांची जुनी रीत, त्यामुळे तो 'मण' चांगला पुरुषभर उंच होता. त्यातल्या ण चं पोट तर असं गरगरीत काढलं होतं की वजनाबद्दल कोणाला शंकाच राहू नये.

आता वसईबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. रोझलीनच्या, म्हणजे घोन्साल्विसांच्या घरात, आणि त्यांच्याच काय, आजूबाजूच्या पंचवीस घरांत, ण हे अक्षर तोंडात येतच नसे. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन, माणिकपूर म्हणजे मानिकपूर. काळजातलं मन तेही मन, आणि चाळीस शेरांचा मण तोही मनच. बोलताना कोणाचं अडत नसे. अडायचं ते भिंतीवर.

"कोनी केलं हे?" रोझलीनच्या मागून आवाज आला. तिचा मोठा भाऊ डॉमनिक. मुंबईत नोकरी करून आलेला, रविवारीही टाय बांधणारा माणिकपुरातला एकटाच माणूस.

"भाऊ, तू 'कोनी' म्हणालास," रोझलीन म्हणाली.

डॉमनिकचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्याने टायची गाठ सैल केली, पुन्हा आवळली. "रूपालीचे शेठ जेवायला येणार आहेत आज. याच रस्त्याने येणार. आणि चार वाजता दुकानाचं उद्घाटन. काकांनी बुडवलं आपल्याला."

एवढं बोलून तो घराकडे चालू लागला. चालू कसला, पळतच सुटला.

घराच्या मागच्या अंगणात, चिंचेखाली, आल्बर्ट पब्लिसिटीची, म्हणजे घरच्या जाहिरातीच्या धंद्याची, सगळी मंडळी जमली होती. सगळी म्हणजे किती? बाजेवर बसलेला बाप आल्बर्ट, ज्याचा गुडघा गेल्या वर्षापासून शिडीला नाही म्हणत होता. त्याचा धाकटा भाऊ फर्डिनंड, नखांत निळा रंग घेऊन मिस्साला जाऊन आलेला. आणि पाचूबंदरची भागूबाई. ही पूर्वी मासळी विकायची. एकदा आल्बर्टने तिला बाजारात बोंबलांच्या भावावरून भांडताना ऐकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की भोंग्यावर बोलायला हीच बाई हवी. तेव्हापासून आगाशीपासून गोखिवऱ्यापर्यंत जे काही विकलं गेलं, छत्र्या, खत, सिनेमाची तिकिटं, ते भागूबाईच्या गळ्यातून.

"पापा, चुना फासायला हवा," डॉमनिक आल्या आल्या म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. आणि शेठना सांगायला हवं की चूक कोणाची. मुंबईच्या कंपनीत असं झालं असतं तर माणूस संध्याकाळपर्यंत राहिला नसता."

आल्बर्टने स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली. "अँजेलिना! पाच चहा. बिनसाखरेचे."

डॉमनिकने कपाळाला हात लावला. "पापा, आता ते नको."

पण ते व्हायचंच होतं. आल्बर्ट पब्लिसिटीत चूक झाली की सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा, मालकासकट, आणि चूक कोणाची ते विचारायचं नाही. ही रीत पडली ती बाळंतपणाच्या दवाखान्यापासून. गुरांच्या पेंडेची जाहिरात गोठ्याच्या भिंतीवर रंगवायची होती. ती रंगवली गेली शेजारच्या दवाखान्याच्या भिंतीवर: 'दिवसातून दोनदा द्या, दूध दुप्पट होईल!' आत बाळंतिणी खाटेवर हसून हसून बेजार, बाहेर डॉक्टर काठी घेऊन उभा. त्या दिवशी घरात साखर संपली होती. आल्बर्टने सगळ्यांना तसाच चहा पाजला आणि म्हणाला, "कोन ते विचारू नका. नाव विचारलं की हात थरथरतो. थरथरत्या हाताने अक्षर निघत नाय." त्यानंतर टुरिंग टॉकीजमध्ये साबणाच्या जाहिरातीची काच उलटी लागली तेव्हा हाच चहा. भागूबाईने चुकून एका सुताराच्या दुकानाची जाहिरात त्याच्याच वैऱ्याच्या दारात तासभर केली तेव्हाही हाच चहा. सगळ्यांनी तोंडं वाकडी करत प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शिडी उचलायची.

"हे असलं चालतं म्हणून आपण भिंतींवरच राहिलो," डॉमनिक म्हणाला. कप त्याने हातात घेतला होता, पण ओठाला लावला नव्हता. "मी काय सांगतोय गेले सहा महिने? नालासोपाऱ्याला नव्या बिल्डिंगमध्ये ऑफिस घेऊ. मुंबईच्या कंपनीशी हात मिळवू. रंगकाम कंत्राटाने देऊ. भोंगा बंद."

"भोंगा बंद?" भागूबाई म्हणाली. "मना बंद करतंस तू? माजं तोंड माज्या नवऱ्याला नाय बंद करता आलं, डॉमनिकशेट."

"मावशी, तुमच्याबद्दल नाही बोलत मी."

"मंग भोंगा काय कोंबडा वाजवतो?"

फर्डिनंडकाका फस्सकन हसले आणि चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. डॉमनिक त्यांच्याकडे वळला. "काका, तुम्ही हसताय? निदान सांगा तरी, मन आणि मण यातला फरक तुम्हाला कळतो का?"

फर्डिनंडकाकांनी सदरा पुसला. "मला काय कलनार, बाबा? मी अक्षरं लिवत नाय, काढतो. एकाला पोट आहे, एकाला नाय. कोन म्हनेल त्याला पोट काढून देतो."

ते बोलताना त्यांनी डॉमनिककडे पाहिलं नाही. चिंचेकडे पाहिलं. रोझलीनला ते खटकलं.

तिची गोष्ट अशी होती की भिंत रंगवली त्या दोन दिवसांत ती इथे नव्हतीच. भागूबाईला घेऊन ती अर्नाळ्याला गेली होती, नायलॉनच्या जाळ्यांची जाहिरात करायला. रूपालीचं काम डॉमनिकने अंगावर घेतलं होतं. आणि हे काम साधं नव्हतं. आल्बर्टने ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की रूपालीचं काम पार पडलं की धंदा पोरांपैकी एकाच्या हातात देऊन तो मोकळा होणार. कोणाच्या हातात ते सांगितलं नव्हतं, पण मोठा मुलगा तो मोठा मुलगा. डॉमनिकच्या हातात गेला की काका कंत्राटावर, भागूबाई परत टोपलीवर, आणि रोझलीन, जी बारा वर्षं या धंद्याच्या ओळी रचत होती, ती गोखिवऱ्याच्या कारखान्यात हिशेब लिहायला.

ती कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. आय चुलीपुढे बसून आंबवलेल्या पिठाचे फुगे तळत होती. शेठ मटण खात नाहीत म्हणून बाजूला वेगळी कढई, वेगळा झारा, वेगळी भाजी. हे सगळं वेगळं ठेवता ठेवता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"आय, काल काकांचा जेवणाचा डबा घेऊन भिंतीवर कोण गेलं होतं?"

आयने झारा तेलात नको तितका बुडवला. "मी गेलती. का गो?"

"काही नाही. काय ऐकलंस?"

"मी काय ऐकनार? माजे कान आता..."

"आय. तुला शेजारच्या वाडीत पेरू पडला तरी ऐकू येतो."

आयने मागे वळून दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली केला. "डॉमनिक शिडीखाली हुबा होता. फर्डिनंडने मन बरोबर काढलं होतं, बिनपोटाचं. तर हा खालून ओरडतो, 'काका, ण! बाणातला ण! किती वेळा सांगू, न म्हणजे गावठी!' फर्डिनंड म्हनाला, 'बाबा, रोझलीनने कागदावर असं नाय दिलं.' तर हा म्हनतो, 'रोझलीन काय मुंबईला होती?' मंग फर्डिनंडने पुसलं आनि काढलं."

रोझलीनने कप खाली आपटला. सहा महिने डॉमनिक घरात प्रत्येकाचा न पकडत होता. पानी नव्हे पाणी, लोनी नव्हे लोणी. आणि पकडता पकडता त्याच्या मनाने घेतलं की न दिसला की तो चुकलाच. म्हणजे तोही त्यांच्यासारखाच! पोट कुठे काढायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फक्त त्याला भीती जास्त होती.

"आणि आता काकांच्या नावावर घालतोय!"

"रोझलीन." आयने पिठाचा हात तिच्या मनगटावर ठेवला. "बोलू नको गो. शेटसमोर तर नकोच. तो मोठा आहे. टाय बांधून गेलता मुंबईला, सगल्या गावाने बघितलंय. त्याचं हसं होईल."

"आणि काकांचं?"

आय चुलीकडे वळली. तेलातला फुगा काळा झाला.

रोझलीन अंगणात परत आली ती सगळं ओकून टाकायच्या तयारीनेच. एक वाक्य. एवढंच बोलायचं होतं. पापांनी ऐकलं असतं, भागूबाईने ऐकलं असतं, आणि तासाभरात भोंग्याशिवायही ते आगाशीला पोचलं असतं. धंदा तिचा झाला असता.

तिने तोंड उघडलं. फर्डिनंडकाका तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही. आणि बिनसाखरेच्या चहाचा शेवटचा घोट घेतला, जणू शिऱ्याचा घास.

आता काय करणार? काकांसारखा माणूस आपल्या अंगावर घेऊन गप्प बसतो, तर तिने ओरडायचं कसं? ओरडली तर ती त्याच धंद्याची मालकीण होणार, ज्यात उद्यापासून सगळ्यांचे हात थरथरणार.

"चुना नको," ती म्हणाली. "ओला चुना, त्याच्यावर ओला रंग, चार वाजेपर्यंत भिंत बाळाच्या लाळेऱ्यासारखी दिसेल. काका, निळा किती उरलाय?"

"अर्धा डबा."

"अक्षर खोडू नका. खाली एक ओळ वाढवा. मी सांगते." आणि तिने सांगितली.

आल्बर्ट बाजेवर सरळ बसला. भागूबाईने दोन्ही हात मांडीवर आपटले. "अगो माजे बाये!"

"एक सांग," फर्डिनंडकाका शिडी उचलता उचलता म्हणाले. "यात पोटं किती?"

"दोन. मी खाली उभी राहते."

"वेडेपणा आहे हा," डॉमनिक म्हणाला. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला अंगणात कोणी उरलं नव्हतं. बापच तेवढा होता, आणि बाप त्याचा न प्यालेला कप बघत होता.

शेठची फियाट आली ती जेवणाची पानं मांडून झाल्यावर. भागूबाई भोंगा घेऊन दुकानाकडे गेली होती, बाकी सगळे ओटीवर रांगेत उभे होते. फर्डिनंडकाका रॉकेलने हात धुऊन आले होते आणि त्या वासापुढे आयच्या सगळ्या मसाल्यांनी हार खाल्ली होती. शेठ उतरले. काडीसारखा बारीक माणूस, पांढरा कोट. मागून शेठाणीबाई उतरल्या आणि फियाट जमिनीपासून चार बोटं वर आली.

शेठ हसत नव्हते.

"मी आत्ता नाक्यावरून आलो," ते म्हणाले. "मला आधी एक सांगा. ते मण कोणी लिहिलं?"

रोझलीनने डॉमनिककडे पाहिलं. त्याने घसा साफ केला, आणि तिला कळलं की तो बोलणार.

"शेठ, आमचे फर्डिनंडकाका. वय झालं आता. आम्ही त्यांना यापुढे..."

"आल्बर्ट पब्लिसिटीने लिहिलं," रोझलीन मध्येच म्हणाली. "शेठ, आमच्याकडे भिंतीखाली एकाचं नाव नसतं. रागवायचं तर सगळ्यांवर रागवा."

"तुम्ही गप्प बसा जरा," शेठाणीबाई म्हणाल्या. ते त्या शेठना म्हणाल्या. आणि मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. आधी दंड, मग खांदे, मग तोंडातून आवाज. "काय लिहिलंय हो! 'प्रत्येक बाईचं मण ओळखणारं दुकान, पण कोणाला सांगत नाही!' मी गाडी थांबवायला लावली. दोनदा वाचलं. चाळीस वर्षांत एका दुकानदाराला माझ्या मनातलं कळलं!"

"आणि ती बाई भोंग्यावर!" शेठनाही आता आवरेना. "म्हणते कशी, 'बायांनो, लाजू नका, आमचा शेट स्वता काडीवानी आहे, त्याला मणाची किंमत ठाव हाय!' मला म्हणते! माझ्या दुकानासमोर! शटर अजून बंद आहे आणि साठ-सत्तर बायका उभ्या. उद्घाटन चारला कसलं, जेवून लगेच करायला लागेल."

सगळे एकदम बोलू लागले. आयने क्रूसाची खूण केली. भागूबाई मागच्या दाराने आली ती घशाला गरम पाणी मागतच आली, "पानी दे गो, घसा बसला," आणि आज तिला पाणी म्हण असं कोणी सांगितलं नाही.

पानं वाढली गेली. शेठनी वेगळ्या कढईतली भाजी घेतली. शेठाणीबाईंनी नवऱ्याची पाठ वळलेली बघून अँजेलिनाला डोळ्याने कोलंबी दाखवली, आणि ती भाजीखाली झाकून त्यांच्या पानात पडली. दोन फुगे पोटात गेल्यावर शेठ पुन्हा मुद्द्यावर आले.

"आल्बर्टभाई, विरारला दुकान काढतोय. पुढे पालघर. सगळ्या भिंती तुमच्या. पण मला ते डोकं बघायचंय. नुसतं मन लिहिलं असतं तर कोण थांबलं असतं? मन सगळेच लिहितात. मनाच्या जागी मण, ही कल्पना ज्याची, त्याच्याशी मला बोलायचंय. रीत राहू द्या तुमची. नाव सांगा."

आल्बर्टने मान हलवली. "नाव नसतं, शेट. चुकीला नाय तसं शाबासकीला पन नाय."

"कमाल आहे! एवढं डोकं आणि लपवायचं?"

रोझलीनने भात कालवला. काकांनी भात कालवला. भागूबाईने माशाचा काटा काढला. आणि डॉमनिकच्या पाटाखाली कोणीतरी निखारे ठेवलेत असा तो चुळबुळू लागला. त्याने पाण्याचा घोट घेतला. टाय सरळ केला. शेठच्या शेजारीच बसला होता तो. 'एवढं डोकं' हे शब्द त्याच्या कानात घुमत असणार.

"शेठ," तो म्हणाला, "लपवण्यात अर्थ नाही. अगदी मणापासून सांगतो. तो ण माझा."

शेठाणीबाईंचा घास हवेत राहिला. आयने डोळे मिटले.

"म्हणजे काकांनी न काढला होता," डॉमनिक पुढे सांगत सुटला, "मीच शिडीखाली उभा राहून तो बदलायला लावला. कोणाचं ऐकलं नाही. एक दृष्टी असते, शेठ. मुंबईच्या कामात..."

इथे त्याला कळलं. मघाशी याच ओटीवर, याच शेठसमोर, याच तोंडाने आपण काय बोललो होतो ते एकदम समोर उभं राहिलं. त्याचा हात टायच्या गाठीकडे गेला.

"बरं झालं सांगितलंस, बाबा," फर्डिनंडकाका शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, आता मरेपर्यंत पोटात ठेवायला लागतो."

"पोटात ठेवायला लागतो," भागूबाई म्हणाली, "तो ण!" आणि मग जे हसू फुटलं ते ओटीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं. आल्बर्ट तर गुडघा धरून हसत होता. शेठना अर्धंच कळलं होतं, पण बायको हसतेय म्हणून तेही हसले. डॉमनिकचे कान लालभडक झाले. मग एका क्षणी त्याच्याही खांद्यांनी दगा दिला. त्याने टाय सोडून पानाशेजारी ठेवला आणि तोंड हातात लपवून हसू लागला, किंवा रडू लागला. आयला ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून तिने त्याच्या पानात आणखी मटण वाढलं.

सगळं शांत झाल्यावर शेठनी आल्बर्टला विचारलं, "मग विरारच्या भिंतीचं मी कोणाशी बोलू?"

आल्बर्टने डॉमनिककडे पाहिलं. रोझलीनने ताटातून डोळे वर काढले नाहीत. तिच्या बोटांतला भात गार झाला होता.

उत्तर बापाने दिलंच नाही. डॉमनिकने दिलं. त्याने बोट केलं, बहिणीकडे. "हिच्याशी," तो म्हणाला. "आत्ताची दुसरी ओळ हिची आहे. पहिलीसुद्धा हिचीच होती, मी हात लावायच्या आधी."

आल्बर्टने मान डोलावली आणि ताकाचा पेला तोंडाला लावला. एवढ्यावर धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

शेठ-शेठाणी उद्घाटनाला निघाले, मंडळी फियाटपर्यंत गेली, तेव्हा डॉमनिक ओटीच्या पायरीवर बहिणीशेजारी येऊन बसला. चपलेच्या टोकाने माती उकरू लागला.

"मला ठेवशील का गो कामावर?"

"तुला काय काय येतं?"

डॉमनिकने विचार करून तोंड उघडलं.

"शुद्धलेखन सोडून," रोझलीन म्हणाली.